आठ पानांत स्वामीजी

जुलैच्या शेवटी लातूरहून मामेभावाचा फोन आला. तो आठवीत आहे. शाळेनं मुक्तिसंग्राम दिनासाठी प्रत्येकाला एका नेत्याचं चरित्र लिहायला दिलं होतं आणि याच्या चिठ्ठीत स्वामी रामानंद तीर्थ निघाले. अट अशी, की पानं आठच, नेटवरून उतरवायचं नाही आणि निदान तीन पुस्तकं पाहिलेली हवीत. दादा नांदेडला शिकतो, म्हणजे स्वामीजींच्या नावाच्या विद्यापीठाच्या गावात, म्हणून पुस्तकं शोधायचं काम दादाकडं!

आता मी पडलो कॉन्व्हेंटचा. दुसऱ्या महायुद्धातल्या चर्चिलवर आजही पानभर लिहून देईन. पण त्याच काळात आपल्या मराठवाड्यात कोण लढत होतं म्हणाल तर शून्य. स्वामीजींचं नाव विद्यापीठाच्या कमानीवर आणि बसच्या पाटीवर वाचलेलं, एवढीच ओळख.

पहिले आठ दिवस वायाच गेले. एका ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेची गाईडं मिळाली. त्यांत स्वामीजी चार ओळींत उरकलेले. एकात वडिलांचं नाव भगवानराव, दुसऱ्यात भवानराव. शेवटी गावातल्या एका जुन्या वाचनालयात घबाड सापडलं. अनंत भालेराव यांचा हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरचा ग्रंथ, नरहर कुरुंदकरांचं लेखन आणि स्वामीजींनी स्वतः इंग्रजीत लिहिलेल्या, १९६७ साली आलेल्या आठवणी. इंग्रजी पुस्तक बघून मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. पण त्यात स्वामीजी स्वतःबद्दल फार कमी बोलतात. सगळी चळवळच. चरित्र लिहिणाऱ्याची पंचाईत.

तरी जुळवत गेलो. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, आजच्या कर्नाटकातल्या सिंदगीचा. शिक्षण सोलापूरला. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले तेव्हा या मुलाचं वय सोळा. त्या दिवशी त्यानं जन्मभर ब्रह्मचारी राहून देशसेवा करायची शपथ घेतली. सोळाव्या वर्षी आपण काय करत होतो ते आठवून पाहा. (मी सीईटीचा क्लास बुडवत होतो.) पुढं असहकारात सरकारी शाळा सोडली, पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात एम.ए.पर्यंत शिकले, कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याकडं काम केलं. आजारपणात ते सुटलं आणि मग ते आले थेट आपल्या भागात, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून.

हिप्परगा म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं आडगाव. शाळा १९२१ ची. तिथं असतानाच त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेशचे रामानंद तीर्थ झाले. पण हा संन्यासी हिमालयात गेला नाही, फळ्यापुढंच उभा राहिला. १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे यांच्यासोबत ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. त्या काळी निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूत, सभेला परवानगी लागायची, वर्तमानपत्रांवर करडी नजर. सोळा जिल्हे, भाषा तेलुगू, मराठी, कानडी, आणि कारभार उर्दूत. अशा ठिकाणी मराठी शाळा चालवणं हेसुद्धा राजकारणच झालं असणार.

१९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर ती जन्माला यायच्या आधीच बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. तिथून पुढचं दशक म्हणजे आत-बाहेर. १९४२ ला ते मुंबईच्या ऐतिहासिक अधिवेशनाला गेले आणि परत येताच हैदराबादला पकडले गेले. बंदी उठायला १९४६ उजाडलं. ७ ऑगस्ट १९४७ ला त्यांच्या नेतृत्वाखाली संस्थानभर भारतात सामील व्हा दिन पाळला गेला आणि १५ ऑगस्टला, सगळा देश झेंडे लावत असताना, त्यांना पुन्हा अटक झाली.

यापुढचा भाग मला घरातूनही मिळाला. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. रझाकारांच्या भीतीनं तिला रातोरात बैलगाडीतून बार्शीला नेलेलं, कारण बार्शी इंग्रजी मुलखात होती. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचाच वकील. आमचं लातूर शिकवण्यांसाठी प्रसिद्ध. हे कुणी सांगत नाही. सरहद्दीवर कार्यकर्त्यांची शिबिरं होती, त्यांनी ३० जानेवारी १९४८ ला आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली. स्वामीजी स्वतः मात्र तुरुंगात. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरलं, १७ ला निजाम शरण आला.

इथं माझी सात पानं झाली. रात्री रूममेटला वाचून दाखवलं. तोही लातूर भागातला, मुसलमान. त्यानं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, की १७ तारखेनंतर काय झालं ते लिहिणार का. त्याच्या पणजोबांचा भाऊ त्या दिवसांत गेला. रझाकार नव्हता, विणकर होता.

मला काही उत्तर आलं नाही. पुन्हा वाचनालय, आणि यावेळी नेटसुद्धा. पंडित सुंदरलाल यांची समिती नेहरूंनीच १९४८ च्या शेवटी पाठवली होती. सूडाच्या त्या लाटेत कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली असा तिचा अंदाज. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला. अहवाल कित्येक दशकं बाहेरच आला नाही. आणि दुसरीकडं शोएबुल्ला खान हा इमरोज पत्राचा तरुण संपादक. भारतात विलीन व्हावं असं लिहितो म्हणून रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला मारलं. म्हणजे हिंदू विरुद्ध मुसलमान असा सरळ हिशोब कुठंच बसत नाही. स्वामीजींची लढाई निजामाच्या राजवटीशी होती.

आठव्या पानात हे सगळं घालायचं तर स्वामीजींची पुढची वर्षं कुठं बसवू? नांदेडची शिक्षण संस्था आणि १९५० चं पीपल्स कॉलेज, १९५२ ला गुलबर्गा आणि १९५७ ला औरंगाबादहून खासदारकी, भाषेनुसार हैदराबाद राज्याचे तीन भाग करा हा आग्रह (तो १९५६ ला खरा झाला), पुढं पंतप्रधान झालेले नरसिंह राव हे त्यांचे शिष्य, आणि २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत मृत्यू. शेवटी खासदारकी दोन ओळींत आटोपली. माझ्या मते ती तेवढीच पुरे.

पोराला सगळं पाठवलं. दोन दिवसांनी त्याचा फोन. बाई म्हणाल्या, सुंदरलाल समितीचा परिच्छेद आठवीला जड आहे, काढता आला तर बघ. त्यानं काढला नाही, अक्षर बारीक केलं. १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर वह्या मांडून ठेवल्या होत्या. त्याची वाचायला आजीला चष्मा बदलावा लागला म्हणे. रूममेटनं माझी कच्ची प्रत झेरॉक्स करून घरी नेली आहे, अजून परत दिलेली नाही.