जेम्स आउट्रम : सातपुड्याच्या रानात

खानदेशच्या उत्तरेस सातपुड्याची लांबच लांब रांग पसरली आहे. दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आहेत आणि या दोहोंच्या मधून तापी नदी पश्चिमेकडे वाहत जाते. फाल्गुन लागला, की सातपुड्याचे रूप पालटते. सागाची पाने गळून पडतात, पळस लाल फुलांनी पेटल्यासारखा दिसू लागतो आणि पहाटेच्या वेळी मोहाच्या फुलांचा सडा पडतो. ओढ्यांची धार बारीक होत जाते व पाणी केवळ खोल डोहांत उरते. डोहांत मासे गोळा होतात. रानातील भिल्ल तेथे मासे धरतात आणि रात्री त्याच पाण्यावर सांबर, अस्वल, बिबळ्या अशी श्वापदे येतात. होळीच्या रात्री पाड्यापाड्यांवर ढोल घुमू लागतात.

दोनशे वर्षांपूर्वी या रानात एक तरुण इंग्रज अधिकारी भिल्लांच्या सोबतीने दहा वर्षे वावरला. त्याचे नाव जेम्स आउट्रम.

आउट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात झाला. त्याचे वडील बेंजामिन आउट्रम हे नावाजलेले स्थापत्यकार होते. परंतु जेम्स दोन वर्षांचा असतानाच ते वारले. मागे द्रव्य फारसे उरले नव्हते. मार्गारेट ही त्याची आई मोठी मानी व करारी बाई होती. मुलांना घेऊन ती स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरी राहावयास गेली व काटकसरीने संसार चालवू लागली. जेम्सचे मन पुस्तकांपेक्षा मोकळ्या हवेत अधिक रमे. तो अंगाने लहानखुरा होता, पण भीती त्याला ठाऊक नव्हती. सोळाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात त्याला उमेदवारी मिळाली आणि १८१९ साली तो मुंबईस येऊन उतरला.

पहिली काही वर्षे त्याला तापाने वारंवार गाठले. तरीही तो खचला नाही. काठेवाडात राजकोट येथे असताना घोड्यावर बसून भाल्याने रानडुकरांची शिकार करण्यात त्याने नाव मिळविले. १८२५ साली बागलाणातील मुल्हेर किल्ल्याच्या बाजूस बंड झाले, तेव्हा थोडेसे शिपाई बरोबर घेऊन तो रातोरात डोंगर चढून गेला व पहाटे त्याने बंडखोरांना गाठले. या कामगिरीमुळे मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले.

त्या वेळी खानदेशची स्थिती मोठी शोचनीय होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लढाया, लुटालूट आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी हा सुपीक मुलूख उजाड केला होता. गावेच्या गावे ओस पडली होती. भिल्ल लोक पूर्वी गावांची राखण करीत व त्याबद्दल त्यांना ठरलेले हक्क मिळत. गावेच उरली नाहीत, तेव्हा ते हक्कही बुडाले. उपाशी माणसे डोंगरांचा आश्रय घेऊन खाली मैदानात धाडी घालू लागली. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यांनी डोंगरात फौजा पाठविल्या, काही नाईकांना फासावर चढविले, तर काहींना वेतने देऊन वश करण्याचा प्रयत्न केला. परंतु एक नाईक पडला, की त्याच्या जागी दुसरा उभा राही. फौजेतील शिपाई रानातील तापाने आजारी पडत आणि भिल्ल मात्र झाडीत दिसेनासे होत.

केवळ बंदुकीने हा प्रश्न सुटणार नाही, हे एल्फिन्स्टन यांनी ओळखले. भिल्लांना पडीक जमीन द्यावी, बैल व बियाणे यांसाठी तगाई द्यावी, आणि ज्यांना शेती रुचणार नाही, त्यांची एक पलटण उभारून मुलखाच्या रक्षणाचे काम त्यांच्याकडेच सोपवावे, असे १८२५ साली ठरले. पलटण उभारण्याचे काम बावीस वर्षांच्या आउट्रमकडे आले. हे काम यशस्वी होईल, असे फारच थोड्या लोकांना वाटत होते. ज्यांच्या भावांना व बापांना सरकारी फौजेने मारले, ते त्याच सरकारच्या चाकरीस कसे येणार, असा प्रश्न सर्वांपुढे होता.

आउट्रमने आरंभ केला तो लढाईनेच. डोंगरातील भिल्लांच्या एका ठाण्यावर त्याने हल्ला केला व काही माणसे पकडली. परंतु नंतर त्याने जे केले, ते पूर्वीच्या कोणत्याही अधिकाऱ्याने केले नव्हते. पकडलेल्यांच्या नातेवाइकांमार्फत त्याने नाईकांशी बोलणे लावले आणि बरोबर एकही शिपाई न घेता तो त्यांच्या रानात गेला. तो त्यांच्या पंगतीस बसला, त्यांच्या शेकोटीपाशी झोपला. त्याच्या भोवती तीरकमठे घेतलेली माणसे होती. त्यांच्यापैकी एकाच्याही मनात सूड जागा झाला असता, तर तेथेच त्याचा शेवट झाला असता. पण निर्धास्तपणे झोपलेल्या पाहुण्यावर कोणीही बाण रोखला नाही. अशा रीतीने दिवसांमागून दिवस गेले आणि अखेर पाच धाडसी भिल्ल त्याच्याबरोबर येण्यास तयार झाले. पाच माणसांची ही पलटण! आउट्रमला मात्र एवढा आरंभ पुरेसा वाटला.

हळूहळू माणसे वाढू लागली. एवढ्यात एक कंडी पिकली. कवाईतीसाठी भिल्लांना एका ओळीत उभे करतात, ते सर्वांना एकाच वेळी साखळीने जखडून ठार मारण्यासाठी. साहेबाच्या देशात भिल्लांच्या रक्ताचे औषध करतात, अशा गोष्टी रानोरान पसरल्या. आज या गोष्टींचे हसू येते. परंतु ज्यांनी आजवर विश्वासघातच पाहिला होता, त्यांना त्या खऱ्या वाटल्या, यात नवल नाही. लोक बिचकले आणि रानात परतू लागले. आउट्रमने धाकदपटशा केला नाही. तो पूर्वीप्रमाणेच पहाऱ्याशिवाय त्यांच्यामध्ये राहिला, दिलेला शब्द पाळीत गेला आणि सर्वांशी समानतेने वागला. बोलण्याने जे पटले नसते, ते वागण्याने पटले. लोक पुन्हा जमू लागले.

धरणगाव हे या पलटणीचे मुख्य ठाणे झाले. पुढे भिल्ल शिपाई मालेगावच्या छावणीत गेले. तेथील पलटणीशी त्यांचे जुने वैर होते. आता आपली टवाळी होणार, अशी त्यांना धास्ती होती. परंतु छावणीतील शिपायांनी त्यांना शेजारी बसविले, खाऊपिऊ घातले व मित्रांप्रमाणे त्यांच्याशी गप्पा केल्या. ज्यांना आजवर सर्वांनी दूर लोटले होते, त्यांना हा मान लाखमोलाचा वाटला.

भिल्ल व आउट्रम यांना जोडणारा सर्वांत बळकट दुवा म्हणजे रानातील जीवन. चैत्र-वैशाखात झाडी विरळ होते व पाणवठे थोडे उरतात. म्हणून शिकारीचा काळ तोच. उन्हाचा ताव, तापलेले खडक, पाण्याची टंचाई यांची पर्वा न करता आउट्रम भिल्लांबरोबर पायी हिंडे. ओल्या वाळूतील पाऊल पाहून वाघ केव्हा गेला, हे भिल्ल अचूक सांगत. माकडांच्या व मोरांच्या ओरडण्यावरून तो कोठे लपला आहे, हे ते ताडीत. रानाच्या शाळेत ते गुरू होते आणि आउट्रम त्यांचा शिष्य होता.

एकदा एक वाघ दाट जाळीत दडला. जमिनीवरून तो दिसेना. तेव्हा भिल्लांनी आपली पागोटी सोडून एकमेकांस बांधली आणि आउट्रमला झाडाच्या फांदीवरून जाळीवर लोंबकळत सोडले. तशा अधांतरी स्थितीत त्याने नेम धरून वाघ मारला. त्याचे प्राण त्या वेळी भिल्लांच्या पागोट्यांवर आणि त्यांच्या इमानावर अवलंबून होते. दुसऱ्या एका प्रसंगी वाघाने त्याच्यावरच झेप घेतली व दोघेही उतारावरून गडगडत गेले, अशी कथा आहे. आउट्रमने कसाबसा हात सोडवून पिस्तूल झाडले आणि वाघ गतप्राण झाला. रक्तबंबाळ झालेल्या साहेबास पाहून भिल्ल हळहळू लागले, तेव्हा मांजराने ओरबाडल्याची काय ती क्षिती, अशा अर्थाचे बोलून त्याने त्यांना हसविले, असे सांगतात.

आउट्रमच्या या शौर्याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. दहा वर्षांत त्याच्या शिकारींत दीडशेहून अधिक वाघ पडले. गुरे व माणसे मारणाऱ्या वाघांपासून गावांचे रक्षण करणे, हा त्या काळी पराक्रम मानला जाई. परंतु पुढेही अशाच शिकारी होत राहिल्या, जंगले तुटली आणि एके काळी वाघांनी भरलेल्या खानदेशात वाघ दुर्मिळ झाला. आज वाघाची शिकार हा कायद्याने गुन्हा आहे आणि सातपुड्यात यावल व अनेर येथे अभयारण्ये राखली आहेत.

१८२८ च्या सुमारास खानदेशात बऱ्याच वर्षांनी शांतता नांदू लागली. भिल्ल पलटणीत आता शेकडो शिपाई होते. ज्या वाटांनी पूर्वी धाडी येत, त्याच वाटांवर ते पहारा देऊ लागले. शेतकरी गावी परतले व पडीक रानांत पुन्हा नांगर फिरू लागला. मात्र ही शांतता परक्या राज्यकर्त्यांच्या सोयीचीही होती. १८३० साली डांगच्या अरण्यातील राजांवर मोहीम झाली, तेव्हा हीच पलटण तेथे नेण्यात आली. आउट्रमवर प्रेम करणारे भिल्ल अशा रीतीने आपल्याच भाऊबंदांविरुद्ध उभे राहिले. भिल्लांच्या मनातील स्वातंत्र्याची ओढ मात्र नाहीशी झाली नाही. १८५७ च्या उठावात खाज्या नाईक याच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातील भिल्लांनी शस्त्र उचलले आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी येथे ते इंग्रजी फौजेशी निकराने झुंजले.

१८३५ साली आउट्रमने खानदेश सोडला. पुढे तो अफगाणिस्तानच्या युद्धात लढला. सिंधच्या अमिरांचे राज्य १८४३ साली इंग्रजांनी खालसा केले, तेव्हा त्याने उघड विरोध केला आणि लुटीतील आपल्या वाट्याचे तीन हजार पौंड धर्मादाय संस्थांना वाटून टाकले. परंतु १८५६ साली अयोध्येचे राज्य खालसा करण्याचे काम त्याच्याच हातून झाले. पुढील वर्षी लखनौच्या वाटेवर सेनापतिपदाचा अधिकार त्याच्याकडे असतानाही तो मान त्याने हॅवलॉक या कनिष्ठ अधिकाऱ्यास दिला व स्वतः स्वयंसेवक म्हणून लढला. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधील पो या गावी त्याचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले.

आउट्रम हा परक्या सत्तेचा सेवक होता आणि आयुष्यभर त्याने तिचेच काम केले. ही गोष्ट विसरून त्याची थोरवी गाणे बरोबर होणार नाही. परंतु ज्यांना सर्वांनी चोर व दरोडेखोर ठरविले होते, त्यांच्यात निःशस्त्र जाऊन बसण्याचे धैर्य त्याने दाखविले, हेही तितकेच खरे आहे. आणि हे धैर्य काही त्याच्या एकट्याचे नव्हते. ज्यांच्या घरांवर फौजा चालून आल्या होत्या, त्या भिल्लांनी शत्रूच्या माणसाला आपल्या शेकोटीपाशी निर्भयपणे झोपू दिले. वैर विसरून पहिले पाऊल टाकणारे ते पाच भिल्ल कोण होते, त्यांची नावे काय होती, हे इतिहासाने आठवणीत ठेवले नाही. आउट्रमच्या गोष्टीत त्यांचा वाटा त्याच्या इतकाच मोठा आहे.