डॉक्टरांना नकोशा असलेल्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी आल्या आल्या काहीच केलं नाही, तिथेच त्या जिंकल्या

समजा, तुम्ही प्रोडक्ट मॅनेजर म्हणून नवीन कंपनीत जॉइन झालात. टीम दहा वर्षं जुनी. सगळे एकमेकांना ओळखतात, तुम्हाला कुणीच नाही. वर तुम्हाला थेट मोठ्या साहेबांनी पाठवलंय. म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या मनात एकच शंका, हा आपल्या चुका वर कळवायला आलाय का?

१८५४ साली फ्लोरेन्स नाइटिंगेल नेमक्या याच जागी उभ्या होत्या.

तेव्हा क्रिमियाचं युद्ध पेटलेलं. जखमी ब्रिटिश सैनिकांना जहाजाने स्कुटारीला, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या उस्कुदार भागात आणलं जायचं. तिथल्या लष्करी दवाखान्याचे हाल ‘द टाइम्स’ने छापले आणि इंग्लंडमध्ये बोंब झाली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे जुने स्नेही. त्यांनी बाईंना ३८ परिचारिका देऊन तिकडे पाठवलं. बाईंचं वय ३४. अनुभव म्हणाल तर लंडनमधलं एक छोटं रुग्णालय साधारण वर्षभर चालवलेलं.

४ नोव्हेंबर १८५४ ला ही मंडळी स्कुटारीला पोहोचली. लष्करी डॉक्टरांना त्या अजिबात नको होत्या. लष्कराच्या दवाखान्यात बायकांचं काय काम, हा एक प्रश्न. आणि पेपरमध्ये अब्रू गेल्यावर सरकारने पाठवलेली बाई म्हणजे हेरच, हा दुसरा संशय. राहायला मोजक्या कोंदट खोल्या दिल्या आणि वॉर्डात कुणी बोलावलंच नाही.

आता बाईंच्या हातात मंत्र्यांचं पत्र होतं. ते दाखवून त्या वॉर्डात घुसू शकल्या असत्या.

पण त्यांनी उलटं केलं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकाही परिचारिकेने रुग्णाला हात लावायचा नाही, असा नियम स्वतःच घातला. परिचारिका बसून बँडेज आणि उशा शिवू लागल्या. पलीकडे जखमी कण्हतायत आणि आपण शिवणकाम करतोय, याचा काहींना रागही आला. बाई हलल्या नाहीत.

५ नोव्हेंबरला इंकरमनची लढाई झाली. थोड्याच दिवसांत जखमींचे लोंढे स्कुटारीला आले आणि डॉक्टरांचे हात अपुरे पडले. मग त्यांनीच परिचारिकांना बोलावलं.

जे कुणाचंच काम नव्हतं, ते उचललं

आत गेल्यावरही बाईंनी उपचारात नाक खुपसलं नाही. अडलेलं काय होतं? स्वच्छ चादरी, शर्ट, धुलाई, रुग्णांना पचेल असं जेवण. सामान मागवायची सरकारी पद्धत इतकी किचकट की गोष्ट गोदामात असूनही वॉर्डात यायची नाही. ‘द टाइम्स’च्या वाचकांनी जमवलेला निधी बाईंच्या मदतीला होता. त्यातून त्यांनी सामान आणलं, धुलाईची सोय केली आणि त्यासाठी सैनिकांच्या बायकांना कामाला लावलं. डॉक्टरांचं काम सोपं झालं, तसा विरोध मऊ पडत गेला.

डिसेंबरमध्ये हर्बर्ट यांनी न विचारता मेरी स्टॅन्ली यांच्यासोबत आणखी ४० हून जास्त बायका पाठवल्या, तेव्हा बाई भयंकर संतापल्या. आपल्याच माणसांची संख्या वाढतेय, मग राग का? कारण डॉक्टर जेमतेम एवढ्या परिचारिका चालवून घेत होते. एकदम दुप्पट आणल्या तर कमावलेला विश्वास एका दिवसात गेला असता.

सगळेच काही वळले नाहीत. मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉन हॉल शेवटपर्यंत विरोधात राहिले. क्रिमियातल्या दवाखान्यांवर बाईंचा अधिकार चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. अखेर मार्च १८५६ मध्ये लष्करी हुकूम निघाला आणि बाईंचा अधिकार पक्का झाला. तोवर युद्ध संपतच आलं होतं.

आणि मग आकडे बोलले

या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग पुढे आहे. बाई आल्या त्या हिवाळ्यात स्कुटारीतले मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल होणाऱ्या शंभरातले ४२ च्या आसपास मरत होते. इमारतीखालची गटारं तुंबलेली आणि हवा कोंडलेली. मार्चमध्ये सरकारचा स्वच्छता आयोग आला. त्याने गटारं साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण २ च्या आसपास आलं.

परतल्यावर बाईंनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत हे आकडे तपासले. तोवर त्या देशाच्या लाडक्या झालेल्या. गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. पण सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले आणि ते टाळता आले असते, हे त्यांनी १८५८ मध्ये रंगीत आकृत्यांसह मांडलं. त्यात स्कुटारीचा, म्हणजे आपल्याच दवाखान्याचा भयानक हिवाळाही झाकला नाही.

त्यानंतर लष्करी दवाखाने आणि बराकींच्या स्वच्छतेत सुधारणा सुरू झाल्या. ज्या बाईला वॉर्डाचं दार उघडायला कुणी तयार नव्हतं, तिचा सल्ला सरकार पुढची कित्येक वर्षं घेत राहिलं.