मायकेल फॅरडे यांची जड काच

दरवर्षी या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही एका लोहाराच्या मुलाची निवड केली आहे.

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडननजीक न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहारकाम करीत. पण प्रकृती साथ देत नसे, म्हणून घरी सदा ओढगस्त असे. लिहिणे, वाचणे व थोडे अंकगणित यापलीकडे मुलाचे शिक्षण झाले नाही. चौदाव्या वर्षी त्यास जॉर्ज रीबो यांच्याकडे बुकबांधणीच्या उमेदवारीस ठेवले. बांधणीस आलेली पुस्तके तो वाचून काढी आणि मालक आडकाठी करीत नसत. अशा मालकांची नावे इतिहासात क्वचितच उरतात. रीबोंचे उरले, हे आम्हांस उचित वाटते.

१८१२ साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर फॅरडे यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली. त्यांची टिपणे सुवाच्य लिहून, स्वतःच्या हाताने बांधून, डेव्हींकडे धाडली. मार्च १८१३ मध्ये त्यांस तेथेच साहाय्यकाची जागा मिळाली. पुढे डेव्हींसमवेत युरोपचा प्रवास घडला. त्यात डेव्हींच्या पत्नीने त्यांस नोकरासारखे वागविले. ते त्यांनी सोसले. १८३१ साली त्यांनी चुंबकापासून वीज निर्माण करून दाखविली. ती हकीकत शालेय पुस्तकांत आहेच. आम्हांस येथे एका काचेविषयी सांगावयाचे आहे.

१८२५ च्या सुमारास दुर्बिणींकरिता निर्दोष काच तयार करण्याचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले. संस्थेतच भट्टी बांधली गेली; ती राखण्यास अँडरसन नावाचे माजी सार्जंट आले व जन्मभर फॅरडे यांच्यापाशी राहिले. शिसे, सिलिका व बोरिक आम्ल यांची एक जड काच निघाली, परंतु दुर्बिणीचा हेतू साधला नाही. उमेदीची ती वर्षे वाया गेली, असेच त्या वेळी कोणासही वाटले असते. काचेचे तुकडे मात्र त्यांनी जपून ठेवले.

पुढे १८४० च्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळली, स्मरणशक्ती दगा देऊ लागली, काही वर्षे संशोधन जवळजवळ थांबले. तरी निसर्गातील सर्व शक्तींचे मूळ एकच असावे, हा ध्यास सुटला नाही. विजेचा प्रकाशावर परिणाम होतो का, हे त्यांनी पूर्वी पाहिले होते. हाती काही लागले नव्हते. १८४५ च्या सप्टेंबरात त्यांनी विद्युच्चुंबक घेतला. साध्या प्रकाशाची कंपने सर्व बाजूंस होतात. ती एकाच प्रतलात राहिली म्हणजे त्यास ध्रुवित प्रकाश म्हणतात. असा प्रकाश चुंबकाजवळील निरनिराळ्या पदार्थांतून त्यांनी सोडला. परिणाम शून्य! अखेर १३ सप्टेंबर रोजी ती जुनी जड काच तेथे ठेवली. वीज सुरू होताच अंधारलेल्या भिंगात ज्योत दिसू लागली. वीज बंद करताच ती मावळली. चुंबकाने प्रकाशाच्या कंपनांचे प्रतल फिरविले होते.

आज याच परिणामावर चुंबकीय क्षेत्र मोजणारी साधने चालतात. केसासारखा बारीक काचतंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर, वीजवाहक तारेभोवती गुंडाळतात व त्यातून ध्रुवित प्रकाश सोडतात. प्रतल किती फिरले यावरून तारेभोवतीचे क्षेत्र आणि त्यावरून प्रवाह कळतो. ॲल्युमिनियमच्या कारखान्यांत लक्षावधी अँपियरचा प्रवाह असा मोजला जातो. काच वीजवाहक नसल्यामुळे उच्च दाबाच्या तारेपासून माणूस व यंत्र दोघेही सुरक्षित राहतात. साध्या काचतंतूत हा परिणाम अगदी क्षीण. म्हणून वेढे पुष्कळ द्यावे लागतात. शिवाय तंतू वाकविला की त्यानेही प्रकाशाचे ध्रुवण बिघडते, हे संकट निराळेच. ते टाळण्यात अभियंत्यांची बरीच वर्षे गेली.

१८६२ साली वृद्ध फॅरडे यांनी आणखी एक प्रयोग केला. ज्योतीच्या वर्णपटातील रेषा चुंबकाने बदलतात का, हे त्यांना पाहावयाचे होते. काहीच दिसले नाही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते निवर्तले. तोच बदल हॉलंडचे झीमान यांनी अधिक समर्थ उपकरणांनी १८९६ साली पाहिला, आणि १९०२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.