डिकीत दुसरं इंजिन! मिनीला ऑल-व्हील ड्राइव्ह करणारे अ‍ॅलेक इसिगोनिस

पुढच्या चाकांवर चालणारी एखादी स्वस्त, छोटी गाडी घ्या. तिला चारही चाकांवर चालवायचं म्हटलं तर काय काय लागेल? गिअरबॉक्समधून मागे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट लागेल. तो जायला फ्लोअरमध्ये बोगदा काढावा लागेल. मागे डिफरन्शियल बसवायचं, मागचं सस्पेन्शन बदलायचं. शिवाय वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, म्हणून मधेही एक डिफरन्शियल किंवा क्लच हवाच. थोडक्यात, गाडीपेक्षा मजुरीच महाग.

साठच्या दशकात इंग्लंडमधल्या एका इंजिनिअरने यातलं काहीच केलं नाही. त्यांनी मागे आणखी एक अख्खं इंजिन बसवलं. गंमत म्हणजे ती गाडी मुळात त्यांनीच डिझाइन केली होती, तीही पेट्रोल वाचवण्यासाठी! सर अ‍ॅलेक इसिगोनिस हे त्यांचं नाव आणि मिनी ही ती गाडी. माझ्या मते मिनी समजून घ्यायची तर या दोन इंजिनांच्या प्रयोगापासूनच सुरुवात करावी. पण आधी माणूस कोण होता ते बघू.

इसिगोनिस यांचा जन्म १९०६ चा, स्मर्ना शहरातला. म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमीर. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आणि घरचा धंदा इंजिनिअरिंग वर्कशॉपचा. १९२२ मध्ये युद्धात हे शहर पेटलं आणि ब्रिटिशांनी आपल्या नागरिकांना जहाजाने माल्टाला हलवलं. वर्कशॉप गेलं, घर गेलं आणि माल्टात वडीलही गेले. पुढच्या वर्षी पोरगा आईला घेऊन इंग्लंडला पोहोचला. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये तो गणितात तीनदा नापास झाला. चित्रकलेत मात्र पक्का. पुढे आयुष्यभर त्यांनी गाड्या आधी हाताने, स्केच काढूनच डिझाइन केल्या. गणिताबद्दलचा राग शेवटपर्यंत गेला नाही, तो भाग वेगळा.

त्या काळात इंग्लंडमध्ये ऑस्टिन सेव्हन ही सामान्य माणसाची गाडी होती. इंजिन जेमतेम ७५० सीसीचं. इसिगोनिस आणि त्यांचे मित्र जॉर्ज डाउसन यांनी तिचंच इंजिन आणि काही पार्ट घेऊन तीसच्या दशकात स्वतःच्या हाताने एक रेसिंग कार बनवली. नाव ठेवलं लाइटवेट स्पेशल. बॉडी प्लायवूड आणि अ‍ॅल्युमिनियमची, वेगळी चासी नाहीच, सस्पेन्शनमध्ये रबर. बनवायला काही वर्षं लागली, कारण दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात गाडी. स्वस्त गाडीतून वेगवान गाडी काढायचा नाद त्यांना तेव्हापासूनच होता. या रेसिंगमुळेच त्यांची ओळख जॉन कूपर यांच्याशी झाली. हे नाव लक्षात ठेवा.

नोकरीत त्यांनी मॉरिस मायनर काढली. १९४८ साली बाजारात आलेली ही गाडी दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी पहिली ब्रिटिश कार ठरली. मग १९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच झाला आणि इंग्लंडमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. बीएमसी कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी इसिगोनिस यांना सांगितलं की चौघं बसतील अशी सर्वात छोटी गाडी काढा, पण इंजिन आपल्याकडे आहे तेच वापरा.

गाडीची लांबी ठरली फक्त १० फूट. तेवढ्यात चार माणसं आणि इंजिन बसवायचं कसं? इसिगोनिस यांनी इंजिन आडवं फिरवलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली ऑइलच्या सम्पमध्ये घातला आणि चाकं १० इंचांची घेतली. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सगळं एका गठ्ठ्यात. ऑगस्ट १९५९ मध्ये मिनी आली, ८४८ सीसी आणि ३४ हॉर्सपॉवरची. आपल्या मारुती ८०० मध्येही इंजिन आडवं आणि ड्राइव्ह पुढच्या चाकांना होता. फक्त तिचा गिअरबॉक्स इंजिनच्या खाली नव्हता, शेजारी होता.

आता त्या गठ्ठ्याकडे नीट बघा. तो पूर्ण स्वतंत्र आहे. बोल्ट सोडले की सबफ्रेमसकट बाहेर. मग तसाच दुसरा गठ्ठा मागे लावला तर?

इसिगोनिस यांनी आधी हे मोकवर केलं. मोक म्हणजे लष्करासाठी बनवलेली मिनीची उघडी, जीपसारखी आवृत्ती. चाकं लहान असल्यामुळे ती चिखलात अडकायची आणि लष्कराला आवडली नव्हती. १९६२-६३ च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये भयंकर बर्फ पडला, तेव्हा दोन इंजिनांची मोक त्यात मस्त पळाली. कल्पना अगदी नवी नव्हती. फ्रान्सची सित्रोएन कंपनी दोन इंजिनांची टूसीव्ही सहारा आधीच विकत होती.

यातली खरी हुशारी अशी की पुढच्या आणि मागच्या इंजिनांना जोडणारा शाफ्टच नाही. त्यांना जोडतो तो रस्ता! वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, तर पुढचं इंजिन किंचित जास्त फिरतं, बस्स. मधलं डिफरन्शियल लागतच नाही. आजच्या ड्युअल मोटर इलेक्ट्रिक गाड्या, अगदी आपल्या टाटाची ऑल-व्हील ड्राइव्ह हॅरियर ईव्हीसुद्धा, याच तत्त्वावर चालतात. एक मोटर पुढे, एक मागे. फरक असा की तिथे दोन्हींचा ताळमेळ सॉफ्टवेअर ठेवतं. १९६३ मध्ये ते काम केबल, लिंकेज आणि ड्रायव्हरचे हातपाय करत होते. दोन गिअरबॉक्स, दोन क्लच, दोन थ्रॉटल, आणि सगळं एकाच वेळी हलायला हवं.

जॉन कूपर तोवर मोठे झाले होते. त्यांच्या गाड्यांनी १९५९ आणि १९६० चं फॉर्म्युला वन जिंकलं होतं आणि १९६१ पासून मिनी कूपर विकली जात होती. खरं तर मिनीची स्पोर्ट्स आवृत्ती इसिगोनिस यांना फारशी पटली नव्हती. त्यांना ती सामान्य कुटुंबाची गाडी म्हणूनच हवी होती. पण दोन इंजिनांची मिनी बघून कूपर यांना राहवलं नाही. मे १९६३ मध्ये अशी एक मिनी सिसिलीच्या डोंगरातल्या टार्गा फ्लोरिओ रेसमध्ये उतरली. मागचं इंजिन सतत तापत होतं, कारण मागे थंड हवा पोहोचवणं सोपं नव्हतं. तरी गाडीने रेस पूर्ण केली.

त्याच वर्षी कूपर स्वतः अशीच एक मिनी चालवत होते, लंडनजवळच्या किंग्स्टन बायपासवर. गाडी उलटली आणि ते गंभीर जखमी झाले. कारण समजून घ्या. मागे लावलेला गठ्ठा मुळात पुढच्या चाकांचा, म्हणजे वळणारी चाकं. ती वळू नयेत म्हणून स्टिअरिंगचे आर्म फ्रेमला पक्के बांधलेले असतात. तो जोड तुटला की मागचं चाक आपल्या मर्जीने वळतं, आणि वेगात हे झालं तर ड्रायव्हरच्या हातात काहीच उरत नाही. कूपर यांच्या गाडीत हाच भाग निकामी झाल्याचं सांगितलं जातं. ज्या माणसाने जगज्जेत्या गाड्या बनवल्या, त्याच्या गाडीत हे झालं! आपल्याकडे कंपनीच्या मंजूर रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. रील्सवर शिव्या खाणाऱ्या या नियमामागचं कारण मला तरी या अपघातात दिसतं.

त्यानंतर दोन इंजिनांची मिनी विक्रीला आणायचा विचार मागे पडला. इसिगोनिस यांनी चारचाकी ड्राइव्ह मात्र सोडला नाही. पुढे त्यांनी ऑस्टिन अँट नावाची छोटी गाडी काढली. एकच इंजिन, मागे शाफ्ट, अगदी शहाण्यासारखं. पण १९६८ मध्ये कंपन्यांचं विलीनीकरण झालं, लँड रोव्हर त्याच घरात आली आणि अँट रद्द झाली. त्याच उलथापालथीत इसिगोनिस यांच्याकडची सूत्रंही गेली. १९६९ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९७१ मध्ये ते निवृत्त झाले.

लग्न त्यांनी केलं नाही. आई १९७२ मध्ये जाईपर्यंत तिच्याबरोबरच राहिले. निवृत्तीनंतरही घरी बसून नव्या छोट्या गाडीवर, अगदी गिअरबॉक्स नसलेल्या मिनीवर, काम करत राहिले. २ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅममध्ये त्यांचं निधन झालं. मिनी त्यांच्यानंतर आणखी १२ वर्षं बनत राहिली. ऑक्टोबर २००० मध्ये ती बंद झाली तेव्हा आकडा ५३ लाखांच्या पुढे गेला होता. शोरूममधून विकलेल्या त्या सगळ्या गाड्यांमध्ये इंजिन एकच होतं.