बाळू पालवणकर आणि मुंबईचा हिंदु जिमखाना

एखाद्या जुन्या सार्वजनिक संस्थेचा इतिहास लिहावयास बसले, म्हणजे अध्यक्षांची नावे, देणग्यांचे आकडे आणि इमारतीची कोनशिला एवढेच बहुधा हाती लागते. मुंबईच्या हिंदु जिमखान्याचा इतिहास मात्र एका माणसाच्या चरित्रावाचून पुरा होत नाही. तो माणूस त्या संस्थेचा अध्यक्ष नव्हता, देणगीदारही नव्हता, आणि संघाचे कर्णधारपद त्यास कधी रीतसर मिळाले नाही. बाळू बाबाजी पालवणकर हे त्याचे नाव. आपल्या मंडळींपैकी ज्यांचे क्रिकेटाशी सख्य आहे, त्यांनी ते ऐकले असेलच. इतरांसाठी ही हकीकत थोडी सविस्तर सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पालवणकरांचे मूळ गाव कोकणातील पालवण. संत रोहिदासांची आठवण जपणाऱ्या चर्मकार समाजातले हे कुटुंब. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे बाळूंचा जन्म बेळगावाशेजारच्या धारवाडात झाला. तो काळ १८७५-७६ चा. पुढे कुटुंब पुण्यास आले. शाळेचा योग फारसा आला नाही. पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे काम त्यांना मिळाले. पगार महिना तीन रुपये. तेथून ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे चार रुपये मिळू लागले. जाळ्या उभाराव्या, रेषा आखाव्या, आणि साहेबलोक सरावास आले म्हणजे त्यांना चेंडू टाकावे, असा त्यांचा दिनक्रम होता. जे. जी. ग्रेग हा त्या वेळचा नामांकित इंग्रज फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि तासन्‌तास बाळूंच्या गोलंदाजीवर हात साफ करी. आपणास बाद केल्यास तो प्रत्येक खेपेस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. डाव्या हाताच्या त्या संथ, फसव्या गोलंदाजीला धार आली ती या नित्याच्या चाकरीत. फळी मात्र त्या क्लबात कोणी त्यांच्या हाती दिली नाही. ती साहेबांची मिरास होती.

पुण्याच्या हिंदु खेळाडूंना या साहेबांच्या संघाला हरवावयाचे होते, आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज साहेबांच्याच मैदानावर रूळ ओढीत होता. त्यास संघात घ्यावे की काय, यावर मोठा खल झाला. संघातील काही तेलुगु मंडळी त्यांना घेण्यास अनुकूल होती, तर कित्येक महाराष्ट्रीय ब्राह्मण सभासद प्रतिकूल होते. शेवटी जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले. परंतु कोणत्या अटीवर आले, ते वाचकांनी नीट ध्यानी घ्यावे. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू निःशंकपणे हातात घेत. मात्र चहाची वेळ झाली, म्हणजे इतर सारे मंडपात बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या बोळक्यात चहा मिळे. जेवणाचे ताट निराळे आणि बसण्याची जागाही निराळी असे. ज्या हाताने संघास जय मिळवून दिला, त्या हाताचा विटाळ मैदानाची सीमा ओलांडताच पुन्हा सुरू होई.

या संघाने पुण्याच्या व साताऱ्याच्या युरोपियन संघांस हरविले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला, आणि पुढे एका सभेत लोकमान्य टिळकांनीही त्यांची वाखाणणी केली. त्या सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. शतक संपण्यापूर्वी बाळू मुंबईस आले. काही काळ पलटणीत काढल्यावर त्यांना मुंबई-बडोदे रेल्वेत नोकरी मिळाली.

येथे हिंदु जिमखान्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना केवळ युरोपियनांसाठी होता. हिंदूंचे छोटे क्लब मुंबईत १८६६ पासून निघू लागले होते, पण त्यांतील बहुतेक जातीजातींचे वा प्रांतोप्रांतीचे असत. गौड सारस्वतांचा एक, क्षत्रियांचा दुसरा, गुजराती मंडळींचा तिसरा, मराठ्यांचा चौथा, अशी त्यांची वाटणी होती. १८९४ साली समुद्रकाठी परमानंददास जीवनदास हिंदु जिमखाना उभा राहिला, तेव्हा सर्व हिंदूंचे प्रतिनिधित्व करणारी क्रीडासंस्था प्रथमच निघाली. नाव तर हिंदु जिमखाना; पण त्या नावाच्या पोटात कोणाकोणाचा समावेश होतो, हा प्रश्न पालवणकर दाराशी आले तेव्हा खऱ्या अर्थाने पुढे आला. काही गुजराती सभासदांचा विरोध होता. कर्णधार कीर्तिकर यांनी त्यांची समजूत घातली आणि बाळूंना प्रवेश मिळाला. पाठोपाठ त्यांचे बंधू शिवराम, विठ्ठल व गणपत हेही खेळू लागले.

१९०६ च्या फेब्रुवारीत हिंदु संघ युरोपियनांशी खेळला. हिंदूंच्या दोन डावांत २४२ व १६० धावा झाल्या; युरोपियनांचे डाव १९१ व १०२ वर आटोपले. १०९ धावांचा हा विजय बाळूंच्या गोलंदाजीवाचून शक्य नव्हता. मुंबईच्या जिमखान्यात पालवणकर बंधूंना इतरांसमवेत खानपानासही बसता येऊ लागले होते. इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकी पत्राने या गोष्टीचे मोल सामन्यातील जयाहूनही अधिक मानले, आणि आम्हांसही ते मत पटते.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली सर्व जातिधर्मांचा पहिला हिंदी संघ विलायतेस गेला. २३ सामन्यांपैकी १५ त्याने गमावले, सहाच जिंकले. त्या पराभवांतही बाळूंनी दौऱ्यात ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी आठ बळी घेतले. सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी नाबाद शतक झळकावले. ते परतल्यावर अस्पृश्य समाजाने मुंबईत बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते, असे सांगितले जाते.

चेंडूची बंदी गेली होती आणि ताटाचीही गेली होती. उरली होती ती अधिकाराची. १९१२ पासून चौरंगी सामने सुरू झाले, आणि वर्षामागून वर्ष हिंदु संघातील सर्वांत अनुभवी खेळाडूस डावलून कर्णधारपद दुसऱ्यास दिले जाऊ लागले. १९१३ साली कर्णधार म. द. पै यांनी आपल्याच सत्काराच्या प्रसंगी, हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंकडे जावयास हवा होता, असे बोलून दाखविले. स्वतः पदावर असताना असे म्हणण्यास मनाचा मोठेपणा लागतो. निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही.

१९२० साली प्रकरण हातघाईवर आले. पै आजारी होते. बाळूंना संघातून वगळले गेले, आणि पुढे ज्यांनी स्वतः मोठी कीर्ती मिळविली त्या तरुण दि. ब. देवधरांकडे, विठ्ठल पालवणकर अनुभवाने वडील असताना, नेतृत्व गेले. विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. गुणाऐवजी जात पाहिली जाते, हा अपमान आपण सोसणार नाही, असा त्याचा आशय होता. मोठी खळबळ उडाली. अस्पृश्यतानिवारणाचा गांधीजींचा प्रचार तेव्हा जोरात होता. लोकमत बंधूंच्या बाजूस वळले. पारशांविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात बाळूंना परत बोलावून उपकर्णधार नेमले गेले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले असता संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. सारी कारकीर्द गाजविणाऱ्या खेळाडूच्या वाट्यास नेतृत्व आले ते एवढेच. १९२३ साली विठ्ठल पालवणकर रीतसर कर्णधार झाले, आणि हिंदु संघाने त्या वर्षी स्पर्धा जिंकली. विठ्ठलरावांचे ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली निघाले.

उत्तरायुष्यात बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी त्यांची भूमिका डॉ. आंबेडकरांहून भिन्न होती. स्वतंत्र मतदारसंघ त्यांना मान्य नव्हते. करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत आंबेडकरांविरुद्धच उभे केले. आंबेडकर निवडून आले. बाळूंचा सुमारे दोन हजार मतांनी पराभव झाला. ज्याने मानपत्र लिहिले आणि ज्याने ते स्वीकारले, त्या दोघांना असे समोरासमोर यावे लागले, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. मात्र एका समाजात दोन विचारी पुरुषांचे मार्ग भिन्न असू शकतात, हेही आम्हांस त्यातून उमगते.

१९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरीच्या विठ्ठलाचे दार सर्वांस उघडले, तेव्हा बाळू हयात होते. मैदानावर त्यांच्या धाकट्या भावास, तोही विठ्ठलच, अग्रमान मिळून त्या वेळी चोवीस वर्षे झाली होती. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

त्यांच्या चरित्रातून आम्हांस एक क्रम दिसतो. संस्था आधी माणसाचे श्रम घेते, मग त्याच्या गुणाचा लाभ घेते, त्यानंतर कधी तरी त्यास पंक्तीस बसविते, आणि अधिकार देण्याची पाळी आली म्हणजे मात्र कारणे शोधू लागते. हिंदु जिमखान्यास हा प्रवास पुरा करावयास पाव शतकाहून अधिक काळ लागला. त्याने तो केला, हे त्याचे भूषण होय. ज्याच्या जिवावर तो केला, त्यास मात्र त्याचे फळ स्वतः चाखता आले नाही. देवस्थान असो, क्रीडामंडळ असो वा वाचनालय असो, आपण ज्या संस्था चालवितो त्यांत झाडणारा, वाहणारा, दिवे लावणारा कोणी तरी असतोच. त्यास आपण आजवर यांपैकी किती पायऱ्या चढू दिल्या, हे प्रत्येक मंडळाने आपापल्या सभेत एकदा पडताळून पाहावे, अशी आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.