मेजर टॉमस कँडी : एका वाक्प्रचाराच्या भाषांतराच्या निमित्ताने

पदवी वर्गाला भाषांतरविद्या शिकविताना एका इंग्रजी वाक्प्रचाराशी वरचेवर गाठ पडते. केव्हा काय बोलेल, केव्हा काय करून बसेल आणि त्यात आपल्याच माणसांचे किती नुकसान करील याचा नेम नाही, अशा व्यक्तीला इंग्रजीत 'लूज कॅनन' म्हणतात. शब्दशः पाहता अर्थ जहाजावरील बंध सुटलेली तोफ असा होतो. परभणी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून येणारे आमचे विद्यार्थी त्याचे भाषांतर प्रथम 'सैल तोफ' असे करतात, मग स्वतःच हसतात, आणि शेवटी 'लहरी माणूस' असे लिहून मोकळे होतात. कोशात पाहून या, असे सांगितले की जो कोश हाती येतो त्याची वंशावळ बहुधा एकाच ग्रंथाशी जाऊन भिडते. तो ग्रंथ म्हणजे मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि मेजर टॉमस कँडी यांनी पुरा केलेला १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश होय. ज्या गृहस्थाने इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द ठेवण्यात हयात घालविली, त्याच्या चरित्राकडे या एका वाक्प्रचाराच्या बाजूने पाहण्याचा येथे विचार आहे.

कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडमध्ये झाला. ऑक्सफर्ड येथे काही शिक्षण घेऊन ते १८२२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी नोकरीत हिंदुस्थानात आले. बंधू जॉर्ज हेही त्यांच्याप्रमाणेच कंपनीच्या सैन्यात होते. पुढे ते धर्मोपदेशक झाले. पेशवाई बुडून तेव्हा चारच वर्षे झाली होती. नव्या मुलखाचा कारभार मराठीतून चालवावयाचा तर ती भाषा जाणणारे अधिकारी हवेत, ही कंपनी सरकारची निकड होती. टॉमस कँडी यांनी मराठी उत्तम रीतीने आत्मसात केली आणि पलटणीत दुभाष्याचे काम पत्करले. दुभाष्याला सवड नसते. समोरचा माणूस बोलून थांबला की त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत काही तरी उभे करावे लागते, आणि ते चुकले तर त्याचे परिणाम तिसऱ्याला भोगावे लागतात. कँडी यांच्या पुढील सर्व कामात अर्थाविषयीची जी दक्षता दिसते तिचे मूळ या लष्करी दिवसांत असावे, असे मला वाटते.

याच काळात जेम्स टॉमस मोल्सवर्थ या आणखी एका लष्करी अधिकाऱ्याने मराठी शब्दसंग्रहाचे काम हाती घेतले होते. सरकारने ते उचलून धरले आणि कँडी बंधूंना मोल्सवर्थ यांच्या मदतीस दिले. शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने सिद्ध झालेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. या कोशाचे मोठेपण शब्दसंख्येत आहे त्याहून अधिक त्याच्या निवडीत, किंबहुना निवड न करण्यात आहे. संस्कृत शब्दांबरोबर कुणब्याच्या गोठ्यातले, बाजारातले, स्वयंपाकघरातले, भांडणातले शब्द त्यात आले, म्हणी आल्या, शिष्टांनी नाक मुरडावे असेही पुष्कळ काही आले. मनस्वी, बेभरवशाच्या माणसाला मराठी माणूस काय काय म्हणत होता हे पाहावयाचे तर याच परंपरेकडे वळावे लागते. छांदिष्ट, तऱ्हेवाईक, मोकाट हे शब्द तेथे नांदत आहेत. त्या वेळी कँडी पंचविशीच्या आसपास होते. परभाषेतील शब्दांचे हे रान त्यांनी त्या वयात मोकळ्या मनाने तुडविले, ही गोष्ट त्यांच्या उत्तरायुष्याचा विचार करताना विसरता कामा नये.

१८३६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने मोल्सवर्थ मायदेशी गेले. इंग्रजी-मराठी कोशाचे काम अर्धवट होते. ते कँडी यांच्याकडे आले. इकडे १८३७ पासून पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेखही त्यांच्याकडे होती. दहा वर्षे हा कोश चालला होता. मराठी-इंग्रजी कोश करणे आणि इंग्रजी-मराठी कोश करणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. पहिल्यात शब्द समोर असतो, त्याचा अर्थ सांगावयाचा असतो. दुसऱ्यात अर्थ समोर असतो आणि त्याला शब्द शोधावयाचा असतो. तो लोकांच्या तोंडी असेलच याची शाश्वती नसते. पहिल्या कामात कोशकार ऐकतो, दुसऱ्यात त्याला ठरवावे लागते. कँडी यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते या दुसऱ्या कामाने. यापुढे ते मराठीचे श्रोते उरले नाहीत, हळूहळू तिचे नियामक झाले.

पुढची वीस-पंचवीस वर्षे पाहिली तर हे ठळकपणे जाणवते. १८४८ मध्ये 'नीतिज्ञानाची परिभाषा', १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तके आली. अक्षरांमागून अक्षरे अखंड लिहीत जाण्याची आणि फार तर दंड देण्याची आपली जुनी रीत होती. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह या खुणांची शिस्त मराठी गद्याला लागली ती प्रामुख्याने कँडी यांच्यामुळे. हा लेख वाचणारा प्रत्येक जण त्या अर्थाने त्यांचा ऋणी आहे. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज स्थापन झाले आणि त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. सरकारचे मुख्य मराठी भाषांतरकार म्हणून शालेय पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. १८६० च्या दंडसंहितेचे मराठी रूपही त्यांनी सिद्ध केले. कायद्याच्या भाषेत एका शब्दाला एकच अर्थ असावा लागतो. आरोपीची मान त्या अर्थावर अवलंबून असते. अशा कामात रमलेल्या माणसाला अनेकार्थी, अघळपघळ, तोंडाळ शब्द नकोसे वाटू लागले तर नवल नाही.

त्याच सुमारास, १८५८ मध्ये, त्यांच्या नावावर 'भाषणसांप्रदायिक वाक्ये' हेही पुस्तक आहे. भाषेचे संप्रदाय नियमांनी हाती लागत नाहीत, ते वापरातूनच कळतात, ही जाण कोशकाराच्या मनातून पुसली गेली नव्हती एवढे त्यावरून नक्की दिसते. कँडी यांना रूक्ष व्याकरणी ठरवून मोकळे होणाऱ्यांनी या शीर्षकाकडे लक्ष द्यावयास हवे होते.

आता पुन्हा तोफेकडे येऊ. इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ती कँडी यांनी १८७३ मध्ये काढली. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, पॅरिस येथे व्हिक्तोर ह्यूगो यांची १७९३ च्या धामधुमीवरील कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत एका युद्धनौकेवर तोफेचा बंध सुटतो, लाटांच्या हेलकाव्यासरशी ती तोफ डेकवर सैरावैरा धावते, आपल्याच खलाशांना चिरडते, आपल्याच नौकेच्या फळ्या फोडते. ज्या गोलंदाजाच्या हयगयीने हे घडले तोच जिवावर उदार होऊन तिला आवरतो. त्याला शौर्याबद्दल पदक मिळते आणि हयगयीबद्दल लगेच गोळी घातली जाते. बंध सुटलेल्या तोफेचे हे चित्र ह्यूगोंनी जगाच्या मनावर कोरले, आणि माणसाला उद्देशून तो वाक्प्रचार इंग्रजीत रूढ झाला तो त्यानंतर. तेव्हा कँडी यांच्या कोशात तो सापडणे शक्य नव्हते, आणि सापडत नाही म्हणून त्यांना बोल लावणे गैर होय. गंमत अशी की ज्या फ्रेंच भाषेत ही तोफ प्रथम एवढ्या थाटाने धावली, तेथे अशा माणसाला आज तोफ म्हणत नाहीत. मोकळा इलेक्ट्रॉन म्हणतात. प्रतिमा भाषांतरित होत नाही, भाषा आपापली प्रतिमा शोधते, याला याहून चांगला पुरावा नको.

मराठीत तर तोफ ठेवणे निखालस घातक आहे. आपल्याकडे माणसाला तोफ म्हणतात ते गौरवाने. सभा गाजविणारा वक्ता ही पक्षाची मुलुखमैदान तोफ असते. १५४९ मध्ये अहमदनगरास ओतलेली, काही काळ आमच्या मराठवाड्यातील परंड्याच्या किल्ल्यावर असलेली आणि नंतर विजापुरास गेलेली ती प्रचंड तोफ मराठीच्या वाक्प्रचारात धाकाचे आणि अभिमानाचे चिन्ह होऊन बसली आहे. इंग्रजीतील निंदा मराठीत जशीच्या तशी आणली तर तिची स्तुती होते. बेछूट हा शब्द जवळ येतो, कारण गोळीबारही बेछूट असतो आणि आरोपही. परंतु तो कृतीला चिकटतो, माणसाला सहसा चिकटत नाही. लहरी म्हटले की अनिश्चितता येते, पण उपद्रव गळतो. विक्षिप्त म्हटले की वेगळेपणा येतो आणि किंचित कौतुकही. देवाला सोडलेला वळू हा उपद्रवी खरा, मात्र तो कोणाच्याच गोठ्यातला नसतो; तोफ आपल्याच जहाजावरची आहे, हा मर्माचा भाग त्यात हरवतो.

एका वर्षी गंगाखेडकडील एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत 'दावं तोडलेला गोऱ्हा' असे लिहिले. मला ते आजवर पाहिलेल्या उत्तरांत सर्वांत नेमके वाटते. गोऱ्हा घरचा असतो, दमदार असतो, उद्या त्याच्याच जिवावर शेत नांगरावयाचे असते. दावे तुटले की तो प्रथम आपल्याच गोठ्यातल्या वासरांना तुडवतो. बंध, तो तुटणे आणि घरच्यांचा घात, ही तिन्ही अंगे तेथे शाबूत आहेत.

असा शब्द कँडी यांच्या हाती आला असता तर त्यांनी काय केले असते? १८३१ मधील तरुण अधिकाऱ्याने तो निःसंशय टिपून घेतला असता. १८६० च्या आसपासच्या मुख्य भाषांतरकाराने पाठ्यपुस्तकात तो राहू दिला असता असे मला वाटत नाही. शुद्ध, सुबोध, सर्व जिल्ह्यांतील मुलांना सारख्याच रीतीने कळेल असे गद्य त्यांना हवे होते. त्यात एखाद्या टापूतील गोठ्याचा वास चालण्यासारखा नव्हता. या धोरणाने मराठी गद्य उभे राहिले हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याची किंमतही मोजावी लागली, आणि आमच्या अभ्यासकांनी ती पुरेशी मोजलेली नाही. नवशिक्षिताच्या हातून लहरी, अनियमित, बेभरवशाचा यांसारखे निरुपद्रवी शब्दच उतरू लागले. उपद्रवी माणसाचे वर्णनही गुळगुळीत झाले.

या बाबतीत परभणीकडचा भाग एका परीने वाचला असे म्हणता येईल. कँडी यांच्या हयातीत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दरबारी भाषा फारसी, आणि नंतर उर्दू. पुण्या-मुंबईच्या सरकारी पुस्तकांची शिस्त येथे उशिरा पोहोचली. मराठी शाळेची उपेक्षा हे त्याचे दुःखद अंग होते आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. पण बोली मोकळी राहिली. लगाम नसलेला तो बेलगाम, फहम म्हणजे समज सुटलेला तो बेफाम, ताल सुटलेला तो बेताल: अनावर माणसाची अशी बारीक वर्गवारी फारसी उपसर्गाच्या आधाराने मराठीने केव्हाच करून ठेवली आहे. हे शब्द पुण्याकडेही आहेतच. येथे ते घरोघर, बायाबापड्यांच्या तोंडी सहज खेळतात.

कँडी यांच्या धोरणाला उत्तर मिळाले ते पुण्यातूनच. ज्या १८७४ साली ह्यूगोंची तोफ सुटली, त्याच वर्षाच्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. विष्णुशास्त्र्यांचे वडील कृष्णशास्त्री हे त्याच पुण्याच्या पाठशाळेत घडलेले आणि सरकारी भाषांतराच्या कामात मुरलेले विद्वान. मुलाने मात्र साहेबी देखरेखीखालच्या मराठीविरुद्ध लेखणी उचलली, आणि पुढे सरकारी नोकरीही सोडली. सरकारी शिक्षणखात्याच्या दृष्टीने पाहिले तर दावे तोडणारे ते हेच. परंतु त्यांच्या लांब, घोटीव, उपरोधाने भरलेल्या वाक्यांना तोलून धरणारी विरामचिन्हे कँडी यांनीच मराठीला दिलेली होती, याची नोंद त्यांच्या चाहत्यांनी क्वचितच घेतली.

हा संघर्ष पुरता रंगण्यापूर्वीच कँडी यांचे आयुष्य संपले. हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यापासूनच्या पाच दशकांतील बहुतेक सर्व काळ त्यांनी मराठीच्या सेवेत घालविला होता. १८७७ साली महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले. तोपर्यंत 'निबंधमाले'ला तीन वर्षे झाली होती, आणि दुसऱ्या आवृत्तीचा कोश शाळाखात्यातून, कचेऱ्यांतून, भाषांतरकारांच्या मेजांवर रुळू लागला होता.