मास्तरांचे अण्णा : कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्या पाचगणीत इंग्रजांच्या अमदानीपासून बोर्डिंग शाळा आहेत. त्या फी भरू शकणाऱ्यांच्या. त्याच सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्यांच्याकडे दमडी नाही अशांचे बोर्डिंग काढले. ते चालवायला मास्तर लोक त्यांच्यामागे का उभे राहिले, हे आम्हाला इथे सांगायचे आहे.

अण्णांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा, जैन घराण्यातला. स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेले. वर्गाबाहेर बसवलेल्या ज्ञानदेव घोलप नावाच्या आपल्या समाजातल्या पोराला त्यांनी उचलले आणि कोल्हापूरच्या मिस क्लार्क बोर्डिंगात नेऊन ठेवले. हेच घोलप पुढे बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’चे संपादक झाले. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी अण्णांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायला बसू लागली. १९०० साली याच साताऱ्यात बाबासाहेबांचे नाव शाळेत घातले होते, हे वाचकांना ठाऊक आहेच.

आता मास्तरांचे. मास्तर आपल्या वरच्याला जोखतो तो त्याने घरातले काय घातले यावरून. पोरांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिले. १९३० साली त्या गेल्या. आम्ही तर म्हणतो, संस्थेची निम्मी पुढारकी त्या माउलीची! हे बघितलेला मास्तर घड्याळाकडे बघून कसा शिकवेल?

खरी परीक्षा १९४८ ला झाली. गांधीजींच्या खुनानंतर अण्णा सरकारवर जाहीर बोलले आणि मुंबई सरकारने संस्थेची ग्रँट थांबवली. अण्णा नमले नाहीत, लोकांपुढे झोळी पसरली. पुढे ग्रँट पुन्हा सुरू झाली. पण पगार महिनाभर लांबला तर चुलीचे काय होते, ते आम्हा गिरणीवाल्यांना कोणी सांगायला नको. बोलले अण्णा, घोर लागला मास्तरांच्या घरांना. हे आम्हाला खटकते. तरी शाळा बंद पडल्या नाहीत, हेही खरे.

पुणे विद्यापीठाने १९५९ साली अण्णांना डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. त्यांच्या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, ते कोर्टात न जाता संस्थेतच शिकवायला लागले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.